बॅरिस्टरांच्या हातातली आरी

(द्वितीय वर्ष कला)

गांधीजींवरचा लेख म्हटला की त्यात चरखा येतो, मीठ येते, उपोषणे येतात. शाळेत असताना दर २ ऑक्टोबरला मी असा निबंध पाठ करून लिहिला आहे आणि त्याला बरे गुणही मिळवले आहेत. प्रस्तुत लेखात मात्र चरखा फारसा नाही. यात आरी आहे, रापी आहे आणि मेण लावलेला दोरा आहे. कारण ज्या गांधीजींशी माझी खरी ओळख झाली, ते खाली मांडी घालून चपला शिवत बसले होते.

आधी थोडे घरचे सांगते, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आम्ही चांभार. मूळ गाव महाडकडचे. आजोबा पनवेलला आले आणि एस.टी. स्टँडजवळ रस्त्याच्या कडेला बसू लागले. आज त्याच जागी बाबा बसतात. वर ताडपत्री, पुढ्यात ऐरण, बाजूला पाण्याचे भांडे आणि एका डब्यात खिळे. गिऱ्हाईक एका पायावर उभे राहून तुटलेली चप्पल शिवून होण्याची वाट बघते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या दुकानाच्या काचेआड मी चामड्याची एक हँडबॅग पाहिली. किंमत साडेअठरा हजार. आत जायचा धीर झाला नाही, पण बाहेरून मी तिची कड, मूठ, शिवण सगळे नीट पाहून घेतले. शिवण यंत्रावरची होती. घरी येऊन बाबांना म्हटले की अशी बॅग मला घरी करायची आहे. त्यांनी एवढेच विचारले की मी करून देऊ की तू करशील. मी म्हटले, मी करीन.

बाबांनी धारावीहून म्हशीचे पाच चौरस फूट चामडे आणले. आधी पुठ्ठ्याची मापे कापली. समोरचा व मागचा भाग १२ इंच रुंद आणि ९ इंच उंच, दोन्हींना जोडणारी ४ इंचांची पट्टी, वर झाकण आणि मूठ. बाबांनी चामडे दोन्ही हातांनी ताणून दाखवले. जनावराच्या पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा ताणतो. म्हणून मूठ पाठीकडच्या चामड्यातून काढायची, नाहीतर वह्यांच्या ओझ्याने ती लोंबू लागते. दोन पदर एकावर एक येतात तिथे रापीने कड तासून पातळ करायची. मग कडेपासून सारख्या अंतरावर रेघ आखून आरीने भोके पाडायची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि एक इकडून, एक तिकडून अशा त्याच भोकातून काढायच्या. यंत्राची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाते. ही शिवण एका बाजूने झिजली तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. पहिल्याच तुकड्याला मी शिवणीपुरती जागा न सोडता माप कापले आणि भोके पाडून मोकळी झाले. कापडाची शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालता येते, चामड्याला पडलेले भोक बुजत नाही. बाबा रागावले नाहीत. त्या तुकड्याची त्यांनी आईला किल्ल्यांची पिशवी करून दिली. अकराव्या दिवशी कडांना मेण घासून मी बॅग पुरी केली.

सुट्टी संपल्यावर ती खांद्याला लावून कॉलेजात आले. माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीने ती हातात घेऊन पाहिली आणि कुठून घेतली म्हणून विचारले. माझ्या तोंडून निघून गेले की मुंबईला घेतली. का म्हणून असे म्हटले ते मला ठाऊक आहे. घरी केली म्हटले असते तर कोणी केली, कशी येते, तुझे वडील काय करतात, असे प्रश्न ओळीने आले असते. एका शब्दात मी ते सगळे टाळले. दिवसभर ती बॅग मला जड लागली.

त्याच सत्रात आम्हाला एक आत्मचरित्र वाचून टिपण लिहायचे होते. ग्रंथालयात मला गांधीजींची मराठी आत्मकथा मिळाली. अनुवादक सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. त्यांच्याविषयी पुढे सांगायचे आहे. पुस्तक मी नाइलाजाने हाती घेतले होते, आणि जे सापडले त्याची मला कल्पना नव्हती.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला एका वाणी कुटुंबात झाला. वडील संस्थानचे दिवाण. हाताने काम करण्याची गरज त्या घरात कुणाला नव्हती. १८८८ साली ते विलायतेला निघाले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, पण इथे वकिली चालेना. १८९३ साली एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. काळा माणूस म्हणून त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून दिल्याची गोष्ट आपण सारे जाणतो. त्यानंतरच्या बारीकसारीक गोष्टी मात्र मला नवीन होत्या.

धोब्याचा खर्च वाचावा आणि वेळेवर कपडे मिळावेत म्हणून हा बॅरिस्टर धुलाईचे पुस्तक वाचून स्वतःच्या कॉलर धुऊ लागला. पहिल्याच कॉलरला खळ जास्त झाली आणि इस्त्री कोमट राहिली. कोर्टात ती खळ गळू लागली तेव्हा सोबतचे वकील हसले. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला, तर त्यांनी आरशात पाहून स्वतःच केस कापले. पुढचे साधले, मागचे बिघडले. पुन्हा लोक हसले. गांधीजींनी दोन्ही वेळा ते हसू पचवले आणि काम सोडले नाही. न्हाव्यालाही त्यांनी दोष दिला नाही. आपल्या देशात आपणही आपल्याच भावंडांना असेच वागवतो, हे त्यांना तिथे जाणवले.

आपल्या मराठी माणसाचा एक प्रसंगही त्यात आहे. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले होते. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या वेळी त्याला चुण्या पडल्या होत्या. गांधीजींनी इस्त्री करून देतो म्हटले. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीपणावर नव्हता. तरी गांधीजींनी हट्टाने ते घेतले आणि गोखल्यांची शाबासकी मिळवली.

या साऱ्या गोष्टी गोड आहेत, पण एक कडूही आहे आणि ती त्यांनी लपवलेली नाही. १८९८ साली डर्बनच्या त्यांच्या घरी कारकून राहत. त्यांतला एक अस्पृश्य आईबापांचा ख्रिस्ती होता. खोल्यांतली लघवीची भांडी नवराबायको उचलत. त्या कारकुनाचे भांडे उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आले. भांडे उचलले तर पाहिजेच, पण हसतमुखाने उचलले पाहिजे, असा गांधीजींचा हट्ट. रागाच्या भरात त्यांनी बायकोला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेले. पुढे त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मला इथे थांबून विचार करावा लागला. हलके मानलेले काम स्वतः करणे एक, आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे वेगळे. हा फरक पुढे त्यांच्याशी झालेल्या मोठ्या वादातही येणार होता.

चपलांची गोष्ट त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात, दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात आहे. १९१० साली लढा लांबला होता, सत्याग्रह्यांच्या कुटुंबांना आसरा हवा होता. गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबॅक हे जर्मन वास्तुविशारद होते. त्यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरची आपली ११०० एकर जमीन विनामोबदला दिली. तेच टॉल्स्टॉय फार्म. तिथे नोकर नव्हते. स्वयंपाक, सफाई, सुतारकाम, फळबागेची निगा सगळे रहिवाशांनी करायचे. खाजगी कामासाठी शहरात जायचे तर ते २१ मैल पायी तोडायचे. मग पायांत काय घालायचे? नाताळमध्ये मॅरियनहिल येथे ट्रॅपिस्ट पंथाच्या जर्मन साधूंचा मठ होता. तिथे उद्योग शिकवीत. कॅलनबॅक तिथे जाऊन चपला करायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि गांधीजींकडून इतर शिकले.

म्हणजे चांभारकामात गांधीजींचा गुरू जर्मन, आणि त्या गुरूचे गुरू मठातले साधू! ज्या देशात पिढ्यान् पिढ्या हे काम करणारी लाखो माणसे होती, त्या देशातल्या बॅरिस्टराला ते शिकायला समुद्रापार जावे लागले. घरच्या गावात असते तर वाण्याच्या मुलाला चांभाराच्या शेजारी बसता आले असते का?

त्यांनी हे काम चार दिवसांची हौस म्हणून केले नाही. १९११ साली त्यांनी पुतणे मगनलाल यांना कळवले होते की सध्या माझा बराच वेळ चपला करण्यात जातो आणि पंधराएक जोड झाले आहेत. नवे हवे असतील तर पायाचे माप पाठव, आणि पट्टा जिथे बसवायचा ती जागा अंगठ्याच्या व करंगळीच्या बाहेरच्या बाजूला खूण करून दाखव. हे वाचले आणि मी चमकले. बाबा अगदी असेच करतात. कागदावर पाय ठेवायला सांगतात, पेन्सिलीने भोवती रेघ ओढतात आणि अंगठ्यापाशी व करंगळीपाशी खूण करतात. ज्याने स्वतः पट्टा चुकवून बसवला आहे त्यालाच ही खूण मागायचे सुचते.

१९१३ साली लढा शिगेला पोचला. हजारो खाणकामगार व मजूर मोर्चाने निघाले, गांधीजींना अटक झाली. तुरुंगात त्यांनी चपलांचा एक जोड शिवला, आणि तो दिला कुणाला? त्यांना तुरुंगात घालणाऱ्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना. १९१४ साली समझोता झाला आणि जुलैमध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडली, तेव्हाची ती भेट. पंचवीस वर्षांनी, १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनी तो जोड परत पाठवला आणि लिहिले की अनेक उन्हाळे मी या चपला वापरल्या, पण एवढ्या थोर माणसाच्या पादत्राणांत पाय घालायची माझी योग्यता नाही. ही गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. थोरपणाविषयी ते काही बोलले नाहीत. अनेक उन्हाळे टिकल्या म्हणजे शिवण चांगली असली पाहिजे, एवढाच त्यांचा अभिप्राय.

गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईला उतरले. त्याच वर्षी अहमदाबादला आश्रम निघाला आणि थोड्याच महिन्यांत दूदाभाई, त्यांची पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य कुटुंब तिथे राहायला आले. देणगीदारांनी हात आखडता घेतला, विहिरीवर कटकटी सुरू झाल्या, आश्रमातही कुरबुर झाली. पैसे संपले तर अस्पृश्य वस्तीत जाऊन राहू आणि मजुरी करू, अशी त्यांनी तयारी केली. शेवटी एका गृहस्थाने तेरा हजार रुपये दिले आणि वेळ निभावली.

चामड्याचा विषयही सुटला नाही. गाय मारून मिळवलेले चामडे त्यांना नको होते. आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्याची चप्पल घालावी, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडचे कच्चे कातडे परदेशी जाते आणि कमावलेला माल होऊन महाग दराने परत येते, ही त्यांची तक्रार. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या उद्योगांत गावातच कातडे कमावणे हा एक होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीला वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. त्याच नालवाडीत आपल्या जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा राहत होते. चुन्यात भिजवून केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यातली दुर्गंधी आणि नासाडी कमी करून कारागिराच्या हाती चार पैसे जास्त पडावेत, असा या खटपटीचा हेतू होता.

आता अप्पासाहेब. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाच्या रिवाजाप्रमाणे ते काम ठरलेल्या जातीच्या कैद्यानेच करायचे, ब्राह्मणाला ते मिळेना. अप्पासाहेबांनी अन्न तोडले. ही बातमी कळताच येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही ३ डिसेंबरला उपोषण सुरू केले. सरकारने दखल घेण्याचे कबूल केल्यावर ते सुटले. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मेलेली जनावरे सोलणे, कातडी कमावणे, मैल्याचे खत करणे अशी कामे त्यांनी स्वतः केली. १९७१ साली ते वारले. माझ्या हातातल्या पुस्तकाचा अनुवाद याच हातांनी केला होता.

इथवर वाचून मी भारावले होते. घरी येऊन सारे आजोबांना सांगितले. आमच्या भिंतीवर दोनच तसबिरी आहेत, संत रोहिदासांची आणि बाबासाहेबांची. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या महाडकडचे आम्ही. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की गांधींनी चपला शिवल्या म्हणून त्यांना कुणी चांभार म्हटले का? मी गप्प बसले.

त्या प्रश्नाने मला पुन्हा ग्रंथालयात पाठवले. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरचे आपले न झालेले भाषण छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याला उत्तर दिले. वडिलोपार्जित धंदा माणसाने करावा, सर्व धंदे सारख्याच मोलाचे मानावेत, असे वर्णाचे समर्थन त्यात होते. त्यावर बाबासाहेबांनी विचारले की स्वतः गांधींनी तरी वाडवडिलांचा धंदा कुठे केला? वाण्याच्या घरी जन्मून त्यांनी तागडी हाती धरली नाही, वकिली निवडली. या प्रश्नाला उत्तर नाही असे मला वाटते. बॅरिस्टराने आरी उचलली ती सोडण्याची मोकळीक हाती ठेवून. आजोबांनी उचलली तेव्हा दुसरे काही उचलायची सोय नव्हती. एकाच आरीचे हे दोन अर्थ आहेत. गांधीजींचेही मत पुढे बदलत गेले. अखेरच्या वर्षांत ते आंतरजातीय विवाहांचा पुरस्कार करीत होते. ३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली नसती तर ते आणखी किती बदलले असते, याचा अंदाज आपण करू शकत नाही.

मग या चपलांचे माझ्यापुरते मोल काय? मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींच्या काही वस्तूंचा लिलाव झाला. चष्मा, घड्याळ, वाटी-ताट आणि चपलांचा एक जोड. विजय मल्ल्या यांनी त्या १८ लाख डॉलरना घेतल्या. चामडे तेच, आरी तीच, पण बसणारा कोण यावर किंमत ठरते. काचेआडच्या बॅगेचेही तसेच, आणि बाबांच्या पथारीचेही. गांधीजींच्या हातात आरी आली म्हणून चांभाराची किंमत वाढली नाही, हे आजोबांचे म्हणणे खरे आहे. पण आपल्या कामाची लाज धरायची की नाही, हे तरी निदान ज्याचे त्याच्या हातात असते. खळ गळणारी कॉलर घालून तो माणूस भर कोर्टात उभा राहिला होता, आणि मी माझी चांगली शिवलेली बॅग खांद्याला लावून खोटे बोलले होते.

मी चांभारकाम करणार नाही. मला शिक्षिका व्हायचे आहे आणि बाबांचीही तीच इच्छा आहे. आरी सोडण्याचा हक्क मला बाबासाहेबांनी मिळवून दिला. आणि सोडताना तिला नाक मुरडायचे नाही, हे मी गांधीजींकडून घेतले. दोघांचे एवढे देणे मी एकत्र बांधून ठेवले आहे. आजोबांना ते पटलेले नाही, पण बॅगेची मूठ ओढून पाहून त्यांनी शिवण पास केली आहे.

हा अंक माझ्या त्या मैत्रिणीच्याही हाती पडेल. तिच्यासाठी एक दुरुस्ती करते. बॅग मुंबईला घेतलेली नाही. चामडे धारावीचे, हत्यारे आजोबांची, शिकवणारे बाबा, आणि शिवणारी मी. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात दोन टाके तिरके पडले आहेत, तेही माझेच.